दाद मागायची कोणाकडे?

वणी तालुक्यातील राजूर हे तसे लहान गाव. पण सकाळी इथल्या गल्ल्यांतून एक फेरी मारली, तर मराठीबरोबर हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी आणि आमची घरगुती उर्दू अशा सगळ्या भाषा कानावर पडतात. एकीकडे कोळशाची खाण आणि दुसरीकडे चुन्याच्या भट्ट्या. या दोहोंनी मागच्या दोन-तीन पिढ्यांना दूरदूरच्या मुलखांतून इथे आणले. कोणी पोटासाठी आले, कोणी दुष्काळाला कंटाळून आले आणि इथलेच होऊन राहिले.

आता त्याच घरांतील नातवंडे बाहेर पडू लागली आहेत. गेल्या ईदला शेजारच्या खालांकडे गेलो होतो. शीरखुर्म्याची वाटी हातात देत त्यांनी बातमी सांगितली. धाकट्याला कतारमध्ये वेल्डरचे काम मिळाले आहे, कागदपत्रे चालू आहेत. आम्ही मुबारकबाद दिली. खाला हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या.

"भाईजान, तुम्ही वाचता-लिहिता म्हणून विचारते. तिकडे काही कमीजास्त झाले, पगार अडकला, तर दाद मागायची कोणाकडे?"

"आपल्या दूतावासाकडे," आम्ही म्हणालो.

"ते झालेच. पण तिकडच्या सहा देशांची मिळून एक जमात आहे म्हणतात ना? त्यांच्याकडे नाही का जाता येत?"

आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. खालांचा प्रश्न साधा होता, पण जगातले मोठमोठे कायदेपंडित याच प्रश्नावर डोके खाजवीत बसले आहेत. देश एकत्र येतात, व्यापाराचे करार करतात, जकात कमी करतात, परिषदा भरवतात. त्या संघटनेत साध्या माणसाला काही जागा असते का? त्याच्यावर अन्याय झाला तर तिचे दार तो ठोठावू शकतो का? थोडे वाचून, थोडे जाणत्यांना विचारून जे हाती लागले, ते आमच्या वाचक भगिनी-बांधवांपुढे ठेवत आहोत.

कोळशापासून सुरुवात

राजूरकरांना नवल वाटेल, पण आज ज्या युरोपीय संघाचे नाव जगभर घेतले जाते, त्याची सुरुवात कोळशापासून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ साली, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी पॅरिस येथे करार केला. कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र चालवायचा, म्हणजे एकमेकांविरुद्ध तोफा ओतता येणार नाहीत, हा त्यामागचा विचार होता. त्या करारात मानवी हक्कांचे असे प्रकरण नव्हते. बोलणे होते ते उत्पादनाचे, भावाचे आणि बाजाराचे.

पण कोळसा आपोआप वर येत नाही. तो काढायला माणूस खाली उतरावा लागतो. बेल्जियमला खाणीत उतरायला माणसे मिळत नव्हती आणि इटलीत बेकारी होती. १९४६ साली दोन्ही सरकारांत सौदा ठरला. इटलीने ५०,००० कामगार द्यायचे आणि बेल्जियमने इटलीला कोळसा द्यायचा. माणसे देऊन कोळसा घ्यायचा असाच तो प्रकार होता. आलेल्या अनेक कामगारांना युद्धकैद्यांसाठी उभारलेल्या जुन्या बराकींत ठेवले गेले.

८ ऑगस्ट १९५६ च्या सकाळी मार्सिनेल गावच्या खाणीत, लिफ्टच्या पिंजऱ्यात कोळशाची गाडी नीट न बसल्यामुळे तेलाची नळी आणि विजेची तार तुटली आणि आग लागली. २६२ माणसे गेली. त्यांतले १३६ इटलीचे होते. खाणीच्या दाराशी दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या बायकांची छायाचित्रे साऱ्या युरोपने पाहिली. राजूरसारख्या खाणीच्या गावात राहणाऱ्याला त्या दाराशी उभे राहण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाळी सुटायला उशीर झाला की घरातले काय होते, ते इथली प्रत्येक आई जाणते.

त्या अपघातानंतर कोळसा-पोलाद संघटनेला स्वस्थ बसता आले नाही. तिने सहाही देशांची खाण-सुरक्षा परिषद बोलावली आणि १९५७ साली खाण-सुरक्षेसाठी एक कायमचे मंडळ नेमले. भाव आणि बाजार पाहणाऱ्या संघटनेला माणसाच्या जिवाकडे पाहावे लागले. पण त्यासाठी आधी २६२ जनाजे उठावे लागले.

लोण्याच्या कुपनावरचे नाव

दुसरी गोष्ट एका रेशनच्या दुकानाची म्हणता येईल. १९६९ साली युरोपात लोणी फार झाले होते. युरोपीय संघटनेने ठरवले की सरकारी मदतीवर जगणाऱ्या गरिबांना ते स्वस्तात द्यावे. जर्मनीत त्यासाठी जे कुपन निघाले, त्यावर घेणाऱ्याचे नाव छापलेले होते. उल्म शहरातील स्टाउडर नावाच्या गृहस्थांनी याला हरकत घेतली. लोणी हवे असेल तर दुकानदारासमोर आपली गरिबी नावानिशी जाहीर करायची, हा कसला न्याय, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रकरण लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. १२ नोव्हेंबर १९६९ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की मूळ आदेशाचा अर्थ नाव छापलेच पाहिजे असा होत नाही, कुपन खरे आहे हे दुसऱ्या रीतीनेही पडताळता येते. आणि जाता जाता एक मोठी गोष्ट मान्य केली. मूलभूत मानवी हक्क हे या संघटनेच्या कायद्याचाच भाग आहेत आणि न्यायालय त्यांचे रक्षण करते. व्यापारासाठी जन्मलेल्या संघटनेच्या न्यायालयाने हे प्रथमच म्हटले, आणि निमित्त होते पावभर लोण्याचे. पुढे डिसेंबर २००० मध्ये हक्कांची सनद जाहीर झाली आणि १ डिसेंबर २००९ पासून ती बंधनकारक ठरली.

म्हणून युरोपात सगळे चांगलेच चालले आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. भूमध्य समुद्रात होड्या उलटून बुडालेल्या निर्वासितांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. सनद कुंपणाच्या आतल्या माणसाला जेवढी उपयोगी पडते, तेवढी कुंपणाबाहेरच्याला पडत नाही. पण आतल्या माणसाला दार ठोठावता येते, हे मात्र खरे.

नायजरची हादिजातू

हे सगळे श्रीमंत देशांचे लाड आहेत, असे कोणी म्हणेल. म्हणून तिसरी गोष्ट आफ्रिकेतील नायजर या मुस्लिमबहुल आणि अतिशय गरीब देशाची सांगतो.

हादिजातू मानी ही मुलगी १९९६ साली बारा वर्षांची असताना विकली गेली. तिथे जुनी वाईट चाल होती. लग्नाच्या बायका असूनही श्रीमंत माणूस एखादी मुलगी विकत आणून 'पाचवी' म्हणून घरात ठेवी. तिचा निकाह नाही, मेहर नाही, तिची संमती नाही. घरकाम, शेतकाम आणि मालकाचा जुलूम एवढेच तिच्या वाट्याला. निकाहात मुलीच्या होकाराला किती महत्त्व आहे हे जाणणाऱ्या आमच्या वाचकांना या चालीला दीनाचा आधार नाही हे सांगायला नको.

२००५ साली मालकाने तिला सुटकेचा कागद दिला, आणि वर सांगितले की ती माझी बायकोच आहे, कुठे जाऊ शकत नाही. तिने आपल्या मर्जीने दुसऱ्या माणसाशी लग्न केले, तेव्हा एक नवरा असताना दुसरा केला म्हणून तिलाच सहा महिन्यांची शिक्षा झाली.

पश्चिम आफ्रिकेतील देशांची एक आर्थिक संघटना १९७५ साली लागोस येथे स्थापन झाली होती. तिचे स्वतःचे न्यायालय आहे, आणि २००५ पासून साध्या माणसालाही आपल्या सरकारविरुद्ध थेट तिथे जाण्याची मुभा मिळाली होती. हादिजातू तिथे गेली. २७ ऑक्टोबर २००८ रोजी न्यायालयाने निकाल दिला की तिला गुलामीपासून वाचवण्यात नायजर सरकार कमी पडले, आणि सरकारने तिला एक कोटी सीएफए फ्रँक भरपाई द्यावी. सरकारने निकाल मानला आणि रक्कम दिली.

व्यापारासाठी बनलेल्या संघटनेच्या दाराशी एक विकली गेलेली बाई गेली आणि तिला न्याय मिळाला. पण गोष्ट इथे संपत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी नायजर, माली आणि बुर्किना फासो हे तिन्ही देश त्या संघटनेतून बाहेर पडले. देशाने संघटना सोडली की तिच्या न्यायालयाशी असलेला बांधही सुटतो. हादिजातूला जे दार उघडे मिळाले, ते उद्याच्या एखाद्या हादिजातूसाठी असेल असे सांगता येत नाही.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे तर न्यायालयच बंद पडले. तिथल्या देशांच्या संघटनेच्या न्यायाधिकरणाने २००८ साली शेतजमिनीच्या खटल्यात झिंबाब्वे सरकारविरुद्ध निकाल दिला. त्या जमिनीचा प्रश्न गोऱ्यांच्या राजवटीतील अन्यायाशी गुंतलेला होता आणि त्याला दोन बाजू होत्या. पण पुढे जे झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. झिंबाब्वेने निकाल मानला नाही. २०१० साली सगळ्या राष्ट्रप्रमुखांनी मिळून न्यायाधिकरणाचे कामच थांबवले, आणि २०१२ साली ठरवले की नवे न्यायाधिकरण आले तरी ते फक्त देशादेशांतील तंटे ऐकेल. फिर्यादीला न्याय देण्याऐवजी कचेरीलाच कुलूप लागले.

आपल्या अंगणात

आता आपल्याकडे पाहू. सार्क ही दक्षिण आशियाची संघटना ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे जन्मली. तिच्या सनदेच्या दहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत. प्रत्येक निर्णय एकमताने व्हायचा, आणि दोन देशांतील वादाचे विषय काढायचे नाहीत. आता मानवी हक्कांचा कोणता विषय असा आहे की ज्यात कोणाशी वाद नाही? त्यामुळे सार्कला मानवी हक्कांचे न्यायालय नाही आणि आयोगही नाही.

सार्कने काहीच केले नाही असे मात्र नाही. बायका-मुलांच्या देहविक्रीसाठी होणाऱ्या वाहतुकीविरुद्ध २००२ साली काठमांडू येथे करार झाला, २००४ साली इस्लामाबाद येथे सामाजिक सनद झाली. पण राष्ट्रप्रमुखांची परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला भरली ती शेवटची. फाळणीने ज्यांचे भाऊ-बहीण सीमेपलीकडे राहिले, त्या घरांसाठीही सार्कने फार काही केले नाही. १९९२ साली व्हिसा-सवलतीची योजना आली. तिच्या २४ वर्गांत न्यायाधीश, खासदार, उद्योगपती, पत्रकार, खेळाडू होते. आजारी बहिणीला भेटायला निघालेला भाऊ त्यांत नव्हता.

आखाती देशांची जी जमात खाला म्हणत होत्या, ती म्हणजे आखात सहकार्य परिषद. सौदी अरेबिया, अमिरात, कतार, कुवेत, बहरीन आणि ओमान या सहा देशांनी २५ मे १९८१ रोजी अबुधाबी येथे ती स्थापन केली. या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. डिसेंबर २०१४ मध्ये दोहाच्या बैठकीत परिषदेने मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. पण तो अमलात आणणारे न्यायालय तिच्याकडे नाही. पगार अडकलेल्या वेल्डरला परिषदेच्या रियाधच्या कचेरीत जाऊन फिर्याद गुदरता येत नाही. त्याला ज्या देशात काम करतो तिथल्याच कामगार खात्याकडे जावे लागते.

त्या-त्या देशांत मात्र काही बदल झाले आहेत. ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाच्या मुठीत कामगार, ही 'कफाला'ची जुनी पद्धत होती. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी देश सोडायला मालकाची परवानगी लागण्याची अट काढली, २०२० साली नोकरी बदलायला मालकाचे ना-हरकत पत्र लागण्याची अट काढली, आणि मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन लागू केले. अमिरातीने २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था सुरू केली. कागद सुधारला, पण कागद आणि कामाची जागा यांत अजून अंतर आहे. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. मार्सिनेलची आठवण आम्हाला त्या दिवशी झाली. तिथेही परक्या मुलखातले कामगार दाटीवाटीने ठेवलेले होते, आणि तिथेही जाग अपघातानंतरच आली.

मुस्लिम देशांची सर्वांत मोठी संघटना म्हणजे १९६९ साली रबात येथे स्थापन झालेली इस्लामी सहकार्य संघटना. ५७ देश तिचे सदस्य आहेत. २०११ साली तिने मानवी हक्कांचा कायमचा आयोग नेमला. तो सल्ला देतो, निकाल देत नाही. तरीही संघटनेच्या पाठबळाने काय होऊ शकते हे एका लहान देशाने दाखवले. रोहिंग्यांवरील अत्याचारांविरुद्ध गांबियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यानमारला हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणासाठी तातडीचे आदेश दिले. म्यानमार ज्या 'आसियान' संघटनेचा सदस्य आहे, तिचाही मानवी हक्क आयोग २००९ पासून आहे, पण शेजारच्या घरात डोकवायचे नाही ही तिची रीत. शेजारी गप्प राहिले, आणि दूर आफ्रिकेतल्या लहानशा देशाने आवाज उठवला.

मक्केतला जुना करार

हे सगळे वाचताना आम्हाला सारखा हिल्फुल फुजूल आठवत होता. मक्का हे व्यापाराचे शहर. येमेनकडच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका मातब्बराने घेतला आणि दाम दिला नाही. परका माणूस, पाठीशी टोळी नाही, तो दाद कोणाकडे मागणार? त्याने काबाजवळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी फिर्याद केली. तेव्हा काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की मक्केत कोणावरही जुलूम झाला, मग तो इथला असो वा परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. पैगंबर (स.) त्या वेळी तरुण होते, नबुव्वत अजून मिळायची होती. ते त्या करारात सामील होते, आणि पुढेही त्यांनी त्याची आठवण आदराने काढली.

टोळ्याटोळ्यांत झालेला तो करार व्यापाराच्या शहरात झाला, आणि तो परक्या माणसासाठी झाला. आजच्या संघटनांना आम्ही याच मापाने मोजतो. त्यांच्या दाराशी परक्याला उभे राहता येते का, एवढेच पाहतो.

खालांना दिलेले उत्तर

आठ दिवसांनी आम्ही खालांकडे गेलो. धाकटाही घरी होता. आम्ही सांगितले, "त्या सहा देशांच्या जमातीकडे तुला जाता येत नाही. म्हणून निघण्याआधी इथली कामे पक्की कर." आमच्या वाचकांच्या घरातूनही कोणी निघत असेल, म्हणून तेच इथे देतो.

पहिले, एजंटकडे केंद्र सरकारचा परवाना आहे का, ते ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावे. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच घेता येतात. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

दुसरे, दहावी न झालेल्यांना आखाताबरोबरच एकूण १८ देशांत नोकरीला जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे उत्प्रवासाची मंजुरी लागते. "आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ," असे कोणी म्हटले तर पाऊल मागे घ्यावे. तसे गेलेल्याचे नाव कुठल्याच दप्तरात नसते.

तिसरे, प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे संरक्षण मिळते.

चौथे, करारनामा समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा आणि पासपोर्ट, व्हिसा, करारनामा यांच्या प्रती आईजवळ ठेवाव्यात. बहुतेक आखाती देशांत मालकाने कामगाराचा पासपोर्ट ठेवून घेणे कायद्याने मना आहे, हे मुलाला माहीत असावे.

पाचवे, अडचण आली तर घरातल्या माणसालाही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर इथूनच तक्रार नोंदवता येते. प्रत्येक दूतावासाकडे अडचणीतील भारतीयांसाठी कल्याण निधी असतो, तो मागता येतो.

धाकट्याने सगळे वहीत लिहून घेतले. खाला मात्र दाराबाहेर पाहत होत्या. समोरून भट्टीवरचे दोन मजूर चालले होते, चुन्याने पांढरे झालेले, दूरच्या मुलखातून नुकतेच आलेले.

"यांची आई पण कुणाला विचारत असेल ना," खाला म्हणाल्या, "की राजूरला काही झाले तर माझ्या लेकराने दाद मागायची कोणाकडे?"

आम्ही गप्प राहिलो. कतारमध्ये आपल्या मुलाला जे मिळावे असे वाटते, ते आपल्या गावात परक्याच्या मुलाला मिळते का, हे आपण कधी विचारले नव्हते. खालांनी धाकट्याला हाक मारली आणि दोन ग्लास पाणी बाहेर पाठवले. मग म्हणाल्या, "भाईजान, त्या वहीत यांच्यासाठीचेही एक पान लिहून द्या."

ते पान आम्ही अजून लिहीत आहोत.